बनगरवाडीची माणसं हरली का?

परवा आमच्या वाचनालयात भांडण झालं. वर्गणीवरून नाही, पुस्तकावरून. वीसेक वर्षं बातमीदारी करतोय, पण पुस्तकावरून आवाज चढलेला आमच्या गावात पहिल्यांदाच ऐकला. म्हणून लिहितोय. पोस्ट थोडी लांब आहे, सवडीनं वाचा.

आम्ही आठ-दहा जण दर महिन्याला एक पुस्तक वाचून बोलायला बसतो. या वेळी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' होती. 1955 ची कादंबरी. आपल्या माणदेशाची, त्यामुळं सगळ्यांनी वाचलेली, निदान वाचली असं सांगितलेली. संस्थानी काळात धनगरांच्या वस्तीवर एक पोरसवदा मास्तर येतो, शाळा चालवतो, लोकांना धरून तालीम बांधतो. मग पाऊस दडी मारतो. मेंढरं मरायला लागतात, माणसं वस्ती सोडतात. शेवटी मास्तरही निघतो.

भांडण या शेवटावरून झालं.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक पोरगा म्हणाला, "यात कुणी लढतच नाही. ना मोर्चा, ना अर्ज. गुमान उठून जातात. ही हारच की!" निवृत्त गुरुजींना ते लागलं. त्यांच्या मते खरं दुःख शाळा बंद पडल्याचं. पटावरचं एकेक पोर कमी होताना बघणं काय असतं ते त्यांनी नोकरीत सोसलंय. बोलताना चष्मा काढून पुसत बसले.

मेंढरं राखणाऱ्या घरातला एक तरुण कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "गाव सोडणं ही आम्हाला हार वाटत न्हाई. आम्ही दरसाल मेंढरं घेऊन खाली जातो, पाऊस पडला की माघारी येतो. पण यातली मेंढरंच मेली. मेंढरू गेल्यावर धनगरानं जायचं कुठं आणि परतायचं कशासाठी?" सगळे गप्प झाले.

मग बोलले जत्रेसाठी गावी आलेले एक गलाईवाले. आटपाडी-खानापूर भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली, हे तुम्हाला माहीत आहेच. यांचे वडील तसेच तामिळनाडूत गेले. ते म्हणाले, "वस्ती रिकामी झाली तिथं पुस्तक संपतं. आमची गोष्ट तिथून सुरू होते. गेलेली माणसं कुठं पोचली, काय खाल्लं, ते कोण लिहिणार?"

त्यावर पोरगा म्हणाला, "म्हणजे पळून गेलं की जिंकलं?" गलाईवाले उठून उभेच राहिले. चहा आला म्हणून निभावलं.

घरी येऊन आईला सांगितलं. 1972 च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती, खडी फोडायला जायची. तिनं शेवटची पानं वाचून दाखवायला लावली. ऐकून विचारलं काय, तर "त्यांना खडीचं काम नव्हतं व्हय? सुकडी नव्हती?"

मी म्हटलं, "नाही गं, तेव्हा संस्थान होतं."

"मग जातील न्हाई तर काय करतील?"

आमच्या दोन तासांच्या चर्चेत हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. पाऊस तिच्या लहानपणीही गेला होता. पण काम निघालं, हातावर सुकडी पडली, म्हणून घर जागेवर राहिलं. त्याच दुष्काळातून पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. माणूस हरला की तगला, हे नुसत्या त्याच्या हिमतीवर ठरत नाही. मदत वेळेवर पोचली का, यावरही ठरतं.

आता माझी चूक सांगतो. 2013 च्या दुष्काळात मी एका वस्तीवर गेलो. दारांना कुलपं. चार फोटो काढले, 'वस्ती ओस' असा मथळा दिला, बातमी पहिल्या पानावर लागली. मी खूश. आठ दिवसांनी फोन आला. "साहेब, फोटोतलं घर माझं हाय. आम्ही मेलो न्हाई. जनावरं घिऊन छावणीत हाय. इथं आला असता तर च्या पाजला असता." छावणी तिथून जेमतेम दोन कोसांवर. मी कुलपं मोजून परत फिरलो होतो.

त्यामुळं वाचनालयात मी कुणाचीच बाजू घेतली नाही. घेण्याचा हक्क वाटला नाही. माडगूळकर त्या माणसांना हरलेलं म्हणत नाहीत, जिंकलेलंही म्हणत नाहीत. ती गेली, एवढंच सांगतात. हार हा शब्द आपला, जागेवर बसून वाचणाऱ्यांचा.

टेंभूचं पाणी आता बऱ्याच शिवारांत आलंय, डाळिंबं पिकतायत. तरी पाऊस लांबला की पहिली चर्चा टँकरची. पीक किती गेलं, जनावरं किती मेली, याचे पंचनामे होतात. गाव सोडून गेलेल्या माणसाचा रकाना मी तरी आजवर कुठल्या पंचनाम्यात पाहिला नाही. आमच्या बातमीतही तो नसतो.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरातून दुष्काळात कोण गेलं, कुठं गेलं, परत आलं का, हे खाली लिहा. दोन ओळी चालतील. या वेळी कुलपांचा फोटो काढून मी माघारी फिरणार नाही.