लाटेच्या शेजारची वाट

सातवीच्या वर्गात लाटांचा पाठ चालू होता. फळ्यावरच्या आकृतीला मुलं कंटाळली, म्हणून मी त्यांना मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. २९ जुलै २०२४, पॅरिस ऑलिंपिक. ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना लाटेच्या वर हवेत उभा, एक बोट आकाशाकडे, शेजारी त्याचा सर्फबोर्डही तसाच उभा.

"बाई, पॅरिसला समुद्र कुठंय?" एकाने लगेच पकडलं.

बरोबरच होतं. सर्फिंगची स्पर्धा झाली पॅरिसपासून सुमारे १५,७०० किलोमीटरवर, प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर, तेआहुपो गावासमोर.

मग मी ती लाट समजावली. दक्षिणेकडच्या वादळांतून निघालेली लाट खोल पाण्यातून हजारो किलोमीटर येते. किनारा हळूहळू उथळ होत गेला, तर ती दमत दमत येते. इथे मात्र खोल तळ एकदम वर चढतो. लाटेचा खालचा भाग अडखळतो, वरचा पुढे झेपावतो आणि पाण्याचा बोगदा तयार होतो. खाली धारदार प्रवाळ, त्यावर जेमतेम मीटरभर पाणी. पडलं की अंग सोलून निघतं.

"मग ते सुटतात कसे?"

हा प्रश्न ज्या मुलीने विचारला, ती दोन महिने वर्गात गप्प होती. नकाशात दिशा चुकली म्हणून मी तिला फळ्यापाशी उभं करून सगळ्यांसमोर बोलले होते. तेव्हापासून ती फळ्याकडे फिरकली नव्हती.

मी सांगितलं, "तिथे डोंगरातून नदी येते. प्रवाळाला गोडं पाणी मानवत नाही. म्हणून तिच्या मुखासमोर खडकात खोल वाट राहिली आहे. तिथे पोचली की लाट फुटायची थांबते. बोगद्यातून निघालेला सर्फर त्या वाटेत येतो. होड्याही तिथेच थांबतात. जेरोम ब्रुइये यांनी हा फोटो अशाच एका होडीतून काढला."

"म्हणजे पडायच्या जागेजवळच सुटायची जागा आहे," ती म्हणाली.

घरी गेले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. माझ्या फळ्याशेजारी अशी जागा होती का? मी फक्त खडक ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "फळ्यापाशी अडलात तर जागेवर जाऊन विचार करा, नाहीतर मैत्रिणीला, मित्राला बोलवा. कोणी हसायचं नाही. मी रागवायचं नाही."

सुवर्णपदक मिळालं ताहितीच्याच २२ वर्षांच्या काउली वास्टला. लहानपणापासून तो याच लाटांवर शिकला. मुलांना हे सांगताना वाटलं, तोही कितीदा पडला असेल!

तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी आपणहून उठली. लाटेची आकृती काढताना मध्येच अडली, मैत्रिणीला हाक मारली, पुसून पुन्हा काढली. बाण या वेळीही चुकीच्या दिशेला होता. तो तिने स्वतःच ओळखला.

प्रश्न मी अजून अवघडच विचारते. शेजारची वाट मात्र मोकळी ठेवते.