गुन्ह्याच्या जागी परतलेली गायिका

टेनेसी नदीच्या काठी चार लहान गावे एकमेकांना चिकटून आहेत. उत्तर काठावर फ्लॉरेन्स, आणि पूल ओलांडला की दक्षिण काठावर शेफिल्ड, टस्कंबिया व मसल शोल्स. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील ही नावे आपल्या वाचकांच्या कानांवर क्वचितच गेली असतील. परंतु तिकडच्या काळ्या माणसांच्या गाण्याची हकीकत या गावांवाचून पुरी होत नाही. हंट्सव्हिलला नोकरीस असलेल्या पुतण्याकडे आम्ही उभयता गेलो होतो, तेव्हा हट्टाने एक दिवस इकडे काढला. मोटारीने दीड तासाची वाट. ऑक्टोबर महिना असल्याने रस्त्याकडेला कापसाची बोंडे फुटलेली होती. एकेकाळी हा कापूस गुलाम वेचीत, पुढे त्यांची मुले-नातवंडे मजुरीने वेचू लागली. आता यंत्रे वेचतात, शेतात माणूस दिसत नाही.

त्या राबणाऱ्या माणसांच्या दुःखातून उपजलेले गाणे म्हणजे ब्लूज. त्यात चर्चमधील भजनाचा सूर मिसळला आणि सोल तयार झाले. ब्लूजची गाणी कागदावर उतरवून जगापुढे नेणारे डब्ल्यू. सी. हॅन्डी हे याच फ्लॉरेन्सचे. १८७३ साली ज्या लाकडी ओंडक्यांच्या घरात ते जन्मले, ते घर जपून ठेवले आहे आणि लागूनच संग्रहालय आहे. वडील धर्मोपदेशक. पोराने पै-पै साठवून गिटार आणली, तर वडिलांनी ती परत करायला लावून शब्दकोश घ्यायला लावला! बापाचा हेतू वाईट नव्हता. पोराने शिकावे असेच त्याला वाटत होते. पण पोरगा संगीतातच मोठा झाला.

पलीकडे मसल शोल्समध्ये फेम स्टुडिओ आहे. बाहेरून पाहिले तर एखादे बैठे गोदाम वाटावे. रिक हॉल या गरीब घरातून आलेल्या गोऱ्या माणसाने तो उभारला. त्यांचे पहिले गाजलेले गायक आर्थर अलेक्झांडर हे हॉटेलात पाहुण्यांचे सामान उचलीत. १९६१ सालच्या त्यांच्या गाण्याच्या कमाईतून ही इमारत उभी राहिली. शेफिल्डच्या दुसऱ्या एका स्टुडिओत १९६६ साली पर्सी स्लेज यांनी गायिलेले गाणे साऱ्या अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ते इस्पितळात वॉर्डबॉय होते. १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिन फेममध्ये येऊन गेल्या.

गंमत अशी की गाणारे काळे आणि वाजविणारे बहुतेक गोरे. १९६३ साली याच राज्याचे गव्हर्नर वॉलेस काळ्या विद्यार्थ्यांना अडविण्यासाठी विद्यापीठाच्या दारात उभे राहिले होते, आणि इथे बंद दारामागे दोघे मिळून गाणे बसवीत होते. हे कौतुकाचे खरेच. तरी आम्हाला वाटते, नुसत्या कौतुकावर थांबू नये. गाणे बाजारात जायचे की नाही, हे गाणाऱ्याच्या हाती नसे. बेटी लव्हेट यांची कथा त्याचीच आहे.

बेटीबाई १९४६ साली मिशिगन राज्यात जन्मल्या, डेट्रॉईटला वाढल्या. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९६२ मध्ये, पहिली रेकॉर्ड निघाली आणि खपली. पुढे दहा वर्षे एकेक गाणे निघत राहिले, पण स्वतःचा पूर्ण अल्बम काही होईना. अखेर १९७२ साली अटलांटिक कंपनीने त्यांना शेफिल्डला पाठविले. जॅक्सन हायवेवरील मसल शोल्स साऊंड स्टुडिओत अल्बम तयार झाला. बेस गिटारवर डेव्हिड हूड होते. सारे झाले, आणि कंपनीने तो प्रसिद्धच केला नाही. धड कारणही दिले नाही. हा निरोप आल्यावर आपण जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसलो आणि कितीतरी वेळ बाहेर आलो नाही, असे बाईंनीच सांगितले आहे.

कष्ट करून घ्यावेत आणि माल कोठारात टाकून द्यावा, तसे हे झाले. पण बाई गाणे सोडून घरी बसल्या नाहीत. डेट्रॉईटच्या लहानमोठ्या क्लबांत गात राहिल्या, नाटकात कामे केली. पहिला अल्बम बाजारात यायला १९८२ साल उजाडले. त्यानेही दिवस पालटले नाहीत. मग झील पेतार नावाच्या फ्रेंच संग्राहकाने शेफिल्डच्या जुन्या ध्वनिफिती शोधून काढल्या आणि २००० साली फ्रान्समध्ये तो अल्बम काढला. लोकांनी कान टवकारले. २००३ सालच्या नव्या अल्बमला दुसऱ्या वर्षी ब्लूजमधील पुनरागमनाचा पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार त्या वेळी हॅन्डी यांच्याच नावाचा होता, त्या लाकडी घरातल्या पोराच्या. २००५ च्या अल्बमसाठी तर बाईंनी फक्त स्त्रियांनी रचलेली गाणी निवडली.

त्यानंतर त्या पुन्हा इथे आल्या. या खेपेस फेम स्टुडिओत. साथीला गोऱ्या वादकांचा रॉक बँड होता, आणि त्यातील पॅटरसन हूड हा डेव्हिड हूड यांचा मुलगा! बापाने १९७२ साली साथ केली होती, आता मुलगा उभा होता, आणि काही गाण्यांत बापही बेस घेऊन आला. २००७ साली निघालेल्या या अल्बमचे नाव बाईंनी ठेवले ‘द सीन ऑफ द क्राइम’, म्हणजे गुन्ह्याची जागा. त्यात एक गाणे त्यांनी पॅटरसनबरोबर स्वतः रचले. पैसा येण्यापूर्वीच्या आपल्या वर्षांचा हिशेब त्यात मांडला आहे. आवाज ऐकाल तर गोड म्हणणार नाही. खरखरीत आहे, चिरका आहे, शब्द मध्येच तोडणारा आहे. आम्हाला तो अरेथाबाईंच्या भरदार आवाजापेक्षा जवळचा वाटला. दिवसभर राबून आलेली बाई उंबऱ्यात बसून बोलते, तसा. या अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. तेव्हा बाईंनी साठी ओलांडली होती. जानेवारी २००९ मध्ये ओबामा यांच्या शपथविधीपूर्वी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर लाखोंसमोर त्या गायिल्या.

शेफिल्डचा तो स्टुडिओही आम्ही पाहिला. रस्त्याकडेची दगडी खोपटेवजा इमारत, डागडुजी करून २०१७ पासून पाहणाऱ्यांना खुली केलेली. सगळा स्टुडिओ एका मोठ्या खोलीत मावतो. इथे गायिलेला १९७२ चा अल्बम अमेरिकेत २००६ साली निघाला, ‘चाइल्ड ऑफ द सेव्हंटीज’ या बाईंनी तेव्हा ऐकलेल्या मूळ नावानेच. चौतीस वर्षांनी.