वाद आवाजाने मिटत नाही

अभ्यासवर्गात आम्ही गॅमा-किरण स्फोटांचा विषय घेतला, तेव्हा ‘याचा आपल्याला काय उपयोग?’ हा प्रश्न आलाच. आमचे उत्तर सरळ आहे : वाद कसा मिटतो हे शिकायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

१९६३च्या करारानंतर कोणी चोरून अणुचाचणी करते का, यावर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ला त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. तो अणुचाचणीचा नव्हता. असे आणखी झोत सापडले आणि १९७३मध्ये ते जगाला सांगितले गेले. पण ते येतात कुठून? झोत काही सेकंदांत विझायचा आणि नेमकी जागा सापडायची नाही. १९९५मध्ये वॉशिंग्टनला जाहीर वाद झाला. डोनाल्ड लॅम्ब म्हणाले, हे आपल्याच आकाशगंगेच्या परिसरातले. बोहदान पाचिन्स्की म्हणाले, अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचे. दोघेही विद्वान, तरी निकाल लागला नाही. कारण स्फोट एकाच खिडकीतून दिसत होता.

२८ फेब्रुवारी १९९७ला ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने एक स्फोट टिपला आणि काही तासांतच त्याच जागी क्ष-किरणांत मंदावत जाणारी उत्तरदीप्ती पाहिली. स्फोटातून सुटलेले द्रव्य भोवतालच्या वायूवर आदळून मंदावते, तशी ही दीप्ती क्ष-किरणांकडून दृश्य प्रकाशाकडे आणि शेवटी रेडिओ लहरींकडे सरकते. दिवस उलटायच्या आत ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीने ती दृश्य प्रकाशातही टिपली. मे महिन्यातल्या दुसऱ्या स्फोटाच्या दीप्तीचा वर्णपट हवाईच्या केक दुर्बिणीने घेतला : अंतर अब्जावधी प्रकाशवर्षे! त्याच दीप्तीच्या रेडिओ लहरींच्या लुकलुकण्यावरून कळले की तो गोळा प्रचंड वेगाने फुगतो आहे. पाचिन्स्की बरोबर ठरले. ते मोठ्या आवाजात बोलले म्हणून नव्हे, तर वेगवेगळ्या दुर्बिणींची साक्ष जुळली म्हणून.

मित्रांनो, अशी एक साक्षीदार आपल्या जवळच आहे. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिने अशा उत्तरदीप्तींच्या रेडिओ लहरी टिपल्या आहेत. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला तिथे जा, प्रश्न विचारा.

आणि कोणी ‘हे सिद्धच आहे’ म्हणून दरडावले, तर एवढेच विचारा : किती खिडक्यांतून पाहिलेत? हाच प्रश्न आपण आपल्या लाडक्या मतालाही विचारला पाहिजे, असे आम्हाला वाटते.