फडताळातली बाटली



कपाशी चार बाय दीडवर लावायची की तीन बाय एकवर, यावर आपण पारावर तासभर बोलतो. स्वयंपाकघर मात्र गवंड्यावर सोडून देतो. मीही तेच करणार होतो. मागच्या पावसाळ्यात एक प्रसंग घडला आणि डोळे उघडले.

फवारणीतून उरलेलं औषध मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि घाईघाईत फडताळात ठेवलं. गोडेतेलही आमच्याकडे तसल्याच बाटलीत असायचं. संध्याकाळी लाईट नव्हती. आईनं फोडणीसाठी हात घातला तो नेमका त्याच बाटलीवर. झाकण काढल्यावर उग्र वास आला म्हणून ती थांबली. वास नसता तर? त्या रात्री मला घास गेला नाही. चूक आईची नव्हती, माझी होती.

यंदा ती खोली पाडून नवी बांधली. पहिला नियम केला, औषध घरात येणार नाही. गोठ्यापलीकडे कुलपाची पत्र्याची पेटी केली. औषध मूळ बाटलीतच राहतं, मापाचं झाकण आणि बादलीही तिथंच. लेबलवरचा त्रिकोण लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तेही विषच. आणि वेळ आलीच तर डॉक्टरांना लेबल दाखवावं लागतं. पाण्याच्या बाटलीवर ते कुठून असणार?

मग ओटा. गवंडी म्हणाला, "तीन फूट धरतो, सगळीकडं तेवढाच असतो." मी बायकोला उभं केलं, कोपर वाकवायला सांगितलं आणि टेप लावला. जमिनीपासून ३७ इंच भरलं. ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली असला की खांदे उचलावे लागत नाहीत आणि कंबरही वाकत नाही. म्हणून ३२ इंच घेतला. ती म्हणाली, "वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं माप घेतलं."

आता गॅस. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. वरच्या खिडकीतून धूर आणि वाफ जाते, पण हा गॅस खालीच राहतो. म्हणून सिलिंडरजवळ अगदी जमिनीलगत जाळीचा झरोका ठेवला. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. शेगडी खिडकीसमोर घेतली नाही, वाऱ्यानं ज्योत विझते. नळी पाच वर्षांनी बदलायची, तारीख तिच्यावरच छापलेली असते. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद.

वास आलाच तर लाईटचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. शेगडी, दिवा विझवायचा, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लावायचा. हा नंबर आम्ही दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलाय.

आईला भाकरी चुलीवरचीच लागते. तिची चूल पडवीत मांडली, धूर मोकळ्यावर जातो.

घर बांधायचं असेल तेव्हा बांधा. पण आज शेतातून गेल्यावर एवढं करा, फडताळ उघडून बघा. बिनलेबलाची बाटली दिसली तर आजच बाहेर काढा.