चायनाग्राफची रेघ

माझ्या रंगपेटीत ब्रशांच्या शेजारी अंगठ्याएवढी एक काळी पेन्सिल आहे. चायनाग्राफ. आत मेणाची कांडी, वर कागदाची पट्टी गुंडाळलेली. दोरा ओढून पट्टीचा एक वेढा सोडला की नवं टोक बाहेर येतं. प्लॅस्टिक चढवलेल्या नकाशावर ती ठसठशीत उमटते आणि कोरड्या फडक्याने पुसली जाते. हवाई दलातली माझी सगळी वर्षं हेलिकॉप्टरवर गेली आणि ही पेन्सिल दोरीने मांडीवरच्या पॅडला बांधलेली असायची. हेलिकॉप्टर उडवताना दोन्ही हात, दोन्ही पाय कामात असतात. पेन्सिल खाली पडली तर वाकून उचलायची सोय नाही.

हकीमपेटला शिकत असताना एका लांबच्या उड्डाणात मी भरकटलो. वाऱ्याने बाजूला ढकललं होतं. अपेक्षित तळं दिसेना, तेव्हा जे दिसलं त्यालाच मी आपलं तळं मानलं आणि पुढे गेलो. उतरल्यावर प्रशिक्षकांनी नकाशा मागितला. त्यावर मी सकाळी आखलेली सरळ रेघ तेवढी होती. जायचं कुठे हे कुणीही आखतो, ते म्हणाले. आहोत कुठे, तिथे खूण करायला धीर लागतो, आणि हिशेब त्या खुणेपासूनच सुरू होतो.

हिशेब सोपा आहे. दिशा एक अंशाने चुकली तर ६० मैलांवर आपण सुमारे एक मैल बाजूला असतो. ३० मैलांवरच एक मैल सरकलो असू, तर चूक दोन अंशांची. पण बाजूला गेल्याची खूणच केली नाही, तर काय मोजणार?

या खुणेची खरी किंमत सियाचिनने शिकवली. १९८४ पासून तिथल्या चौक्यांचा जीव चीता हेलिकॉप्टरांवर टांगलेला आहे. या चीताचं मूळ फ्रेंच 'लामा'. त्याने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंचीचा विक्रम केला होता. पण २०,००० फुटांच्या आसपास हवा इतकी विरळ, की एका खेपेला दोन जेरीकॅन रॉकेल पोहोचलं तरी पुष्कळ. एकदा उतरताना ढग खाली आले. वर पांढरं, खाली पांढरं. जमीन दहा फुटांवर की शंभर, डोळ्यांना कळेना. तेवढ्यात चौकीवरच्या जवानाने एक काळा जेरीकॅन बर्फावर ढकलला. त्या एका ठिपक्याने मला उंची दिली, उतार दिला, जमीन दिली.

निवृत्तीनंतर वाईला आलो आणि जवळच्या शाळेत गणित शिकवू लागलो. नववीतला एक मुलगा प्रत्येक चुकलेली पायरी इतकी खोडायचा की वहीला भोकं पडायची. त्याच्या हातातून खोडरबर घेतलं आणि फळ्यावर ६० त्रिज्येचं वर्तुळ मांडलं. परीघ साधारण ३७७, त्याचे ३६० वाटे, एकेका अंशाला एकाहून किंचित जास्त. "सर, म्हणजे साठावर एक!" तोच ओरडला. मग आम्ही ठरवलं: चुकीची पायरी खोडायची नाही, तिच्याभोवती गोल करायचा आणि पुढची ओळ तिथून सुरू करायची. वर्षअखेर त्याच्या वहीत गोल पुष्कळ होते, भोक एकही नव्हतं.

दुपारी मी मेणवलीच्या घाटावर चित्रं काढतो. जलरंगात ऊन रंगवायचं नसतं, कागद कोरा ठेवायचा असतो. एकेकाळी ज्या पांढऱ्याने घाम फोडला, तेच आता पायऱ्यांवर मी जपून ठेवतो. पण त्याआधी घाटाची पहिली रेघ चायनाग्राफनेच ओढतो. ती क्वचितच बरोबर येते. शेजारी दुसरी ओढतो, पहिलीच्या आधाराने. वर निळ्या-करड्या रंगाचा हात फिरवला तरी दोन्ही राहतात, कारण मेण पाणी धरत नाही. नकाशावरून सहज पुसली जाणारी ही पेन्सिल कागदावरून पुसता येत नाही.

माझ्या प्रत्येक चित्रात ती पहिली, चुकलेली रेघ आहे.