हरण्याची रीत

परवा पारशिवनीत मुलांचा क्रिकेटचा सामना पाहत उभा होतो. डाव हातचा जातो असे दिसताच आमच्या नातवाने आपल्या यष्ट्या उपटल्या आणि तो तडक घरी निघाला. मी रागावलो नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर त्याला पुण्याची एक जुनी हकीकत सांगितली.

डिसेंबर १९४८. रणजी सामन्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम हाताशी आला होता. इतक्यात काठेवाडच्या संघाने सामनाच सोडून दिला! विक्रम राहिला तो कायमचाच. कसोटी सामना खेळण्याचा योगही निंबाळकरांना पुढे कधी आला नाही.

त्याच हंगामात, १९४९ साली, पुण्यासच उपांत्य सामन्यात महाराष्ट्राची गाठ मुंबईशी पडली. मुंबईच्या धावा ६५१ व ८ बाद ७१४. महाराष्ट्राच्या पहिल्या डावात ४०७. विजयास आणखी ९५९ हव्या होत्या! मैदान सोडण्यास याहून सबळ कारण ते कोणते? परंतु महाराष्ट्र खेळत राहिला. शेवटचा गडी बाद होईतो ६०४ धावा काढून ३५४ धावांनी हरला.

“पण आजोबा, दोघेही हरलेच ना?” नातवाने विचारले.

“हरले खरे. पण काठेवाडने जाताना निंबाळकरांचा डावही बरोबर नेला. महाराष्ट्राने मुंबईचे काहीच नेले नाही.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “यष्ट्या तर माझ्याच होत्या.”

“यष्ट्या तुझ्याच, बाळ. खेळ मात्र दोघांचा होता.”