सर्वानुमते मंजूर

बी.कॉम. झालेल्या माणसाला आकडे कळतात, असा एक गैरसमज समाजात आहे. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं बसून मी तो निष्ठेनं जपला आहे. मला माणसं कळतात असं मात्र घरीदारी कुणी म्हणत नाही. तरीही बचत गटाच्या कर्जाचं काम साहेबांनी माझ्याच गळ्यात घातलं.

बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग नाबार्डनं १९९२ साली ५०० गटांपासून सुरू केला. गटात १० ते २० जणी. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख वह्या, ही त्यांची पंचसूत्री. बैठकीत बोलायचं कुणी, हे तिच्यात नाही.

आमच्या गटाला पापडाचं यंत्र घ्यायचं होतं. समाजमंदिरात बाराजणी जमल्या. अध्यक्षबाई एकट्याच अर्धा तास बोलल्या, उरलेल्या अकरा माना डोलल्या. मी ठरावाच्या वहीत सुवाच्य अक्षरात 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं आणि चहाची वाट पाहू लागलो. चहा काही येईना. निव्वळ वेळ काढायला म्हणालो, "आता एकेकीनं बोला बघू. दारापासून सुरू करा."

दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारी बसलेल्या मावशी पदर सावरत म्हणाल्या, "म्या काय बोलू सायेब? अंगठा दिलाय की."

"तरी पण?"

"त्या यंत्राला गिरणीवाणी थ्री फेज लागतंय म्हणं. आपल्या खोलीत बलब बी धड पेटत न्हाई."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोटेशनकडे पाहिलं. बारीक अक्षरात 'थ्री फेज' छापलेलं होतंच! खाली अध्यक्षबाईंची, साहेबांची आणि माझी, अशा तीन सुशिक्षित सह्या होत्या.

"अहो, मग मागच्या दोन बैठकांत का नाही सांगितलंत?"

"कुणी इचारलंच न्हाई."

गटाचं कर्ज सगळ्यांच्या डोक्यावर असतं. बंद यंत्राचा हप्ता या मावशींनीही भरला असता, आणि तोही न बोलता.

मी 'सर्वानुमते मंजूर' खोडलं, शिरस्त्याप्रमाणे खाडाखोडीवर सही केली. मग आणखी चौघी बोलल्या. सिंगल फेजवर चालणारं लहान यंत्र ठरलं. चहा आला तो गार होईपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाखेत बैठक होती. शेवटी साहेबांनी घड्याळाकडे पाहत विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" याचा अर्थ 'उठा आता'.

मला म्हणायचं होतं. पण काय करणार? माझी खुर्चीही दाराशीच आहे.